सामान प्रत्येकाच्या अंगावर हवं

हिमनदीवर जाताना दोघांत मिळून एक रेस्क्यू किट (भेगेत पडलेल्याला वर काढायचं सामान) पुरेल का, असं वर विचारलंय. दादा, नाही पुरणार. पुली, प्रूसिक (दोरावर आवळणारी गाठ मारायची बारीक कॉर्ड), आइस स्क्रू (बर्फात फिरवून बसवायचा खिळा) एकाच्याच सॅकमध्ये आणि नेमका तोच हिमभेगेत गेला, तर वरचा काय करणार? प्रत्येकाच्या हार्नेसला (कमरेच्या पट्ट्याला) आपापलं हवंच.

आम्ही सरावाला फोंड्याला घरामागच्या फणसाला दोर बांधून लटकतो, तेही भर पावसात. भिजलेल्या ९ मिमी दोरावर ६ मिमी कॉर्डच्या प्रूसिक गाठीचे दोन वेढे सरकत राहिले. तिसरा घातला तेव्हा गाठीने धरलं. हातमोजे घालून मारून बघा ती.

आणि हो, भेगेच्या काठावर दोराखाली आइस अ‍ॅक्स आडवी सरकवायची, खाली पडू नये म्हणून बांधून. नाहीतर दोर बर्फात रुततो आणि ३:१ (ओढायची ताकद तिप्पट करणारी पुली-दोराची मांडणी) लावूनही माणूस वर येत नाही.