काम चोख करणारी नायिका आणखी कुठे आहे?

लोकलवाली
परवा भाचीसोबत 1979चा 'एलियन' हा अंतराळयानावरचा सिनेमा पाहिला. ती म्हणाली, "मावशी, शेवटी एकटी लढते, भारीच!" मला त्यातली नायिका रिपली त्याच्या कितीतरी आधी आवडून गेली होती. यानाबाहेर गेलेले तिघं परततात, एकाच्या तोंडाला परग्रहावरचा प्राणी चिकटलेला. 24 तास विलगीकरणाचा नियम आहे म्हणून ती दार उघडत नाही. खुद्द कप्तान बाहेरून हुकूम सोडतोय, तरी नाही म्हणजे नाही. तिचा सहकारी अ‍ॅश परस्पर उघडतो आणि सगळ्यांना भोवतं.

मी कारशेडमध्ये आहे. लोकलच्या छतावर माणूस चढायच्या आधी ओव्हरहेड वायरचा पॉवर ब्लॉक घ्यायचा, म्हणजे वीज बंद करून घ्यायची, अर्थिंग लावायचं, म्हणजे तार जमिनीशी जोडायची, मगच सही. वर 25 हजार व्होल्ट असतात हो! एका रात्री अर्थिंग बाकी होतं, गाडी पहाटे निघायची होती. मी सही दिली नाही. "बाईमाणूस, घाबरली" हे सकाळी चहाच्या टपरीपर्यंत पोचलं. पुरुष असता तर "नियमाला पक्का" म्हणाले असते. अजून सलतं ते.

म्हणून विचारते, अशा आणखी कोण आहेत? पोरासाठी वाघीण झालेली आई नको, त्या पुष्कळ पाहिल्या.

गिरगावकर
ताई, 'एलियन'च्या मूळ पटकथेत पात्रं बाई की पुरुष हे ठरवलेलंच नव्हतं. 1986च्या 'एलियन्स' या पुढच्या भागात रिपली एका लहान पोरीसाठी लढते खरी, पण जिंकते कशावर? माल उचलायच्या यंत्रावर. ते चालवायचा परवाना तिच्याकडे आहे, गोदीत तेच काम करायची. सैनिकांसमोर ती पहिल्यांदा चालवते तेव्हा सार्जंटचा चेहरा बघा.

रात्रपाळी
आईला इतक्या सहज बाद करू नका. 'टर्मिनेटर 2' सिनेमातली आई सेरा घ्या. पोरगा जिवावर उदार होऊन तिला इस्पितळातून सोडवतो. गाडीत ती त्याला जवळ घेते, त्याला वाटतं मिठी मारतेय. ती गोळी कुठे लागलीय का ते चाचपत असते, आणि वर झापते, आलासच कशाला म्हणून. मला तिथे रडू फुटलं.

माहीमचा_हलवा
'मॅड मॅक्स: फ्युरी रोड', 2015. नायक मॅक्स, नायिका फ्युरिओसा. अंधार, चिखल, मागे शत्रू. मॅक्सचा नेम चुकतो, एकच गोळी उरते. तो काही न बोलता बंदूक फ्युरिओसाकडे देतो. ती त्याच्याच खांद्यावर नळी टेकवून अचूक मारते. ना उपदेश, ना कौतुक.

लोकलवाली
रात्रपाळी, मानलं तुम्हाला. मीही ड्यूटीवरून घरी आले की आधी मुलाच्या कपाळाला हात लावते आणि लगेच गृहपाठावरून ओरडते. सेरा पुन्हा बघेन.

गिरगावकर, परवान्याचं माझ्या लक्षातच आलं नव्हतं!

शनिवारी भाची येतेय, 'फ्युरी रोड' लावते. तो बंदुकीचा प्रसंग येईपर्यंत तिला काही सांगणार नाही. तिला काय दिसतं ते बघायचंय.