वॉटर पंपातून कूलंट गळत आहे: नुसते सील बदलावे की पूर्ण पंप?

नमस्कार. माझ्याकडे दहा वर्षांहून जुनी डिझेल हॅचबॅक आहे. तिचा वॉटर पंप (इंजिन थंड ठेवणारे द्रव, म्हणजे कूलंट, फिरवणारा पंप) टायमिंग बेल्टवर, म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणाऱ्या पट्ट्यावर, फिरतो आणि आता तो गळू लागला आहे. सोलापुरातल्या दोन मेकॅनिकांनी दोन वेगळे उपाय सांगितल्यामुळे निर्णय होत नाही, म्हणून जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे.

रात्रभर गाडी उभी राहिली की सकाळी टायमिंग कव्हरच्या खाली फरशीवर हिरवट डाग पडलेला असतो. तो बोटाला किंचित बुळबुळीत लागतो आणि कूलंटच्या टाकीतली पातळीही हळूहळू उतरत आहे, त्यामुळे हे एसीचे पाणी नाही, एवढे नक्की. होज पाइप, त्यांच्या क्लिपा आणि रेडिएटर कोरडे आहेत. मेकॅनिकने टायमिंगचे वरचे कव्हर सोडवून टॉर्च मारला, तेव्हा पंपाच्या बॉडीला असलेल्या बारीक छिद्रातून खाली आलेला ओघळ आणि त्यावर धरलेली पांढरट खपली मला स्वतःला दिसली. तापमानाचा काटा अजून मध्यावरच राहतो.

पहिल्या मेकॅनिकचे म्हणणे असे की पंप काढून लेथवाल्याकडे नवे सील दाबून घ्यावे, म्हणजे थोडक्यात भागेल. दुसरा म्हणतो की पंपाची पूर्ण असेंब्ली, टायमिंग बेल्ट आणि टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा भाग) एकदमच बदलावे. माझी अडचण अशी की बेल्ट बदलून फार किलोमीटर झालेले नाहीत आणि तो वरून तरी चांगला दिसतो; तरीही तो बदलणे खरोखर आवश्यक आहे का? शेजारच्या काकांनी रेडिएटरमध्ये हळद टाकण्याचा जुना उपाय सुचवला आहे, पण हळद मी तूर्त स्वयंपाकघरातच राहू दिली आहे.

आणखी एक विचारायचे आहे. या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन तुळजापूरला जायचे आहे. अंतर सुमारे ४५ किलोमीटरच असले तरी शेवटी घाट आहे आणि दुपारचे तापमान ४० अंशांच्या पुढे जात आहे. कूलंटची टाकी भरून आणि जादा कूलंट सोबत ठेवून ही गाडी नेता येईल का?

प्रतिसाद:

आपण पाहिलेले छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. पंपाच्या दांड्यावर आतल्या बाजूला मेकॅनिकल सील आणि बाहेरच्या बाजूला बेअरिंग असते. सील झिजले की त्यातून सुटलेले कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता या छिद्रातून बाहेर पडावे, अशी ती योजना आहे. तिथे नुसता पुसट डाग असता तर थांबून पाहा म्हटले असते, पण ओघळ, खपली आणि उतरणारी पातळी हे तिन्ही एकत्र दिसत असतील तर सील गेले आहे, यात शंका नाही. हळदीने रेडिएटरची बारीक चीर काही काळ बुजत असेल, पण सीलचे दोन पृष्ठभाग सतत एकमेकांवर घासत फिरत असतात आणि तिथे कोणतीही पूड टिकत नाही. उलट ती हीटरच्या बारीक नळ्यांत जाऊन बसते.

नुसते सील बदलण्याच्या मी विरोधात आहे. लेथवर दाबलेले सील सरळ बसले तरी बेअरिंग जुनेच राहते, आणि पुढे ते आवाज करू लागले की तेच सगळे काम पुन्हा उघडावे लागते. या कामात खरा खर्च मजुरीचा असतो, सुट्या भागाचा नव्हे. बेल्टच्या बाबतीत तो किती चालला यापेक्षा त्यावर कूलंट पडले आहे का, हे पाहावे. भिजलेला किंवा फुगलेला बेल्ट परत बसवू नये, कारण तो तुटला किंवा दाते सरकला तर बहुतेक डिझेल इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि मग हेड उघडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. तो पूर्ण कोरडा निघाला तर निर्णय आपला. मी तरी बदलला असता.

तुळजापूरला ही गाडी नेऊ नका, एसटीने जा. काट्यावर विसंबण्यात धोका असा की पातळी सेन्सरच्या खाली गेली की सेन्सरला पाण्याऐवजी वाफ लागते, आणि इंजिन तापत असतानाही काटा जागेवर राहू शकतो किंवा चक्क खाली येऊ शकतो. रस्त्यात झाकण उघडून कूलंट ओतणे तर त्याहून वाईट, कारण गरम यंत्रणेतले पाणी दाबाखाली असते आणि झाकण सैल होताच उकळून अंगावर येते.

नवा पंप बसवताना जुने गॅस्केट पूर्ण खरवडून काढायला सांगा. कूलंट तयार मिश्रणाचे घ्या, किंवा कॉन्सन्ट्रेट घेतल्यास डब्यावर दिलेल्या प्रमाणात डिस्टिल्ड वॉटर मिसळा, जे बॅटरीच्या दुकानात मिळते. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याने बादलीच्या कडेला जो पांढरा थर धरतो, तोच सीलवर धरतो आणि नवे सीलही त्याने झिजते. भरल्यानंतर आत अडकलेली हवा नीट काढून घ्या, नाहीतर नव्या पंपासहही गाडी गरम होईल.

जुना पंप गॅरेजमधून मागून घ्या आणि त्याचा पंखा पाहा. त्याची पाती खाल्लेली किंवा गंजाने माखलेली असतील, तर नवे कूलंट भरण्यापूर्वी रेडिएटर आणि ब्लॉक फ्लश करून घ्यावा लागेल.