अचानक प्रश्न विचारून कुणी बोलतं होत नाही

ऑटिस्टिक (स्वमग्नता असलेल्या) सहकाऱ्याला मीटिंगमध्ये मधूनच प्रश्न विचारून बोलतं करावं, असं सुचवलं जातं; ते मला पटत नाही. हेतू चांगलाच आहे, पण सगळ्यांच्या नजरा एकदम वळल्या की ओठांवर आलेलं उत्तरही अडकतं.

आमच्या टीममधला एक जण तासभर चकार शब्द काढत नसे. मग आम्ही मुद्दे आदल्या दिवशी लेखी पाठवू लागलो, 'तिसऱ्या मुद्द्यावर तुझं मत हवंय, मीटिंगनंतर लिहून दिलंस तरी चालेल' असं स्पष्ट सांगून. दोन तासांनी त्याचा मेल आला. ज्या चुकीपायी आम्ही आठवडाभर डोकं फोडत होतो, ती नेमकी कुठल्या ओळीत आहे ते त्यात होतं!

ऑटिस्टिक समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन यांनी २०१२ मध्येच मांडलंय की ऑटिस्टिक आणि इतर माणसांमध्ये एकमेकांना न समजणं दोन्हीकडून असतं. मग जुळवून घ्यायचा भार एकाच्याच माथी का?

ऑफिसच्या पार्टीला अशा सहकाऱ्याला बोलावायचं म्हणाल तर ती कधी संपणार, कोण येणार, गाणी मोठ्याने लागणार का, हे आधी कळवा. नाही आला तर कारण विचारत बसू नका. आणि वार्षिक मूल्यमापनात 'मिसळत नाही' हा शेरा कृपा करून लिहू नका.