मदत हवी आहे: उसळीने पोट फुगतं, इसबगोलाने नाही. मग आतड्यातल्या जिवाणूंसाठी चांगलं काय?

नमस्कार मंडळी,

शुगर बॉर्डरला आली म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी फायबर वाढवायला सांगितलंय. आजवर आमच्याकडे सकाळी ब्रेड, दोन्ही वेळा पोळी-भात. आता ज्वारीची भाकरी, मोडाच्या मटकीची उसळ, पालेभाजी, कोशिंबीर असं एकदमच सुरू केलं. पोट छान साफ होतं, पण संध्याकाळपर्यंत त्याचा नगारा होतो. मीटिंगमध्ये बसायची चोरी झालीये, यापुढचं सांगत नाही.

सासूबाई मूळच्या मंगळवेढ्याच्या. जन्मभर हेच खात आल्या, वर बुक्की मारून फोडलेला कांदा. त्यांना काहीही होत नाही! नवरा म्हणतो, उसळी सोड आणि रात्री इसबगोल घे. घेऊन पाहिलं, गॅस अजिबात नाही. पण फायबरमुळे पोटातले चांगले जिवाणू वाढतात म्हणतात, ते इसबगोलानेही होतं का? आणि उसळीचा त्रास कधीतरी कमी होतो का?

(कोमट पाणी पितेय. कृपया ते सुचवू नका.)

प्रतिसाद – सूक्ष्मदर्शी

इसबगोलाने गॅस होत नाही, कारण जिवाणूंना तो फारसा खाताच येत नाही. पाणी शोषून त्याची जेली होते आणि ती बरीचशी तशीच बाहेर पडते. बद्धकोष्ठाला उत्तम, कोलेस्टेरॉलही थोडं उतरतं, पण जिवाणूंचं पोट त्यावर भरत नाही.

कडधान्यांतल्या रॅफिनोज, स्टॅकिओज या साखरा पचवायचं एन्झाइम माणसाकडे नाही. त्या मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्या आंबवतात. त्यातून हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, काहींच्या पोटात मिथेनही निघतो. तोच तुमचा गॅस. पण त्याच आंबण्यातून ब्युटिरेट नावाचं आम्लही मिळतं, आणि मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात. म्हणजे गॅस होतोय याचा अर्थ आत कोणीतरी जेवतंय.

कोण जेवतंय हे फायबरच्या प्रकारावर ठरतं. कांदा-लसणातल्या इन्युलिनवर बायफिडोबॅक्टेरिया वाढतात. शिजवून गार केलेल्या भात-बटाट्यातला न पचणारा स्टार्च रुमिनोकॉकस ब्रोमी फोडतो आणि त्याच्या उष्ट्यावर दुसरे जिवाणू ब्युटिरेट बनवतात.

किती लवकर बदल होतो? २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. पिट्सबर्गमधले आफ्रिकन-अमेरिकन आणि दक्षिण आफ्रिकेतले खेडूत, प्रत्येकी २० जण, यांचा आहार दोन आठवडे अदलाबदल केला. अमेरिकनांचं फायबर रोज सुमारे १४ ग्रॅमवरून ५५ वर नेलं, तर ब्युटिरेट अडीचपट झालं. खेडुतांना बर्गर-फ्राइज दिल्यावर तेच निम्म्यावर आलं. सासूबाईंच्या जिवाणूंना जन्मभराचा सराव आहे, तुमच्या आत्ता कुठे पंगतीला बसलेत.

प्रतिसाद – खमंग काकू

अगं, मटकीने सुरुवात कशाला केलीस? चवळी घे. ती सोसते. कडधान्य रात्रभर भिजवून ते पाणी फेकून दे, मोड आण, आणि नीट मऊ शिजव. अर्धकच्ची उसळ म्हणजे आमंत्रण. पहिले काही दिवस आमटीची वाटी असते ना, तिच्या अर्धीच खा. भाकरी चालू ठेव.

प्रतिसाद – सूक्ष्मदर्शी

काकूंशी सहमत. रोज अर्धा कप बीन्स खायला देऊन अमेरिकेत अभ्यास झालेत. पहिल्या आठवड्यात राजम्याच्या जातीचे बीन्स खाणाऱ्यांपैकी जवळपास निम्म्यांनी गॅस वाढल्याचं सांगितलं, चवळी खाणाऱ्यांत हे प्रमाण बरंच कमी होतं. पुढच्या आठवड्यांत बहुतेकांची तक्रार ओसरली. मात्र पोटात कळा येत असतील, वजन उतरत असेल किंवा शौचातून रक्त जात असेल तर धाग्यावर न थांबता डॉक्टर गाठा. आयबीएस, म्हणजे आतड्यांचा पुन्हापुन्हा उठणारा त्रास, असलेल्या अनेकांना कांदा, लसूण, राजमा खरोखरच सोसत नाहीत.

धागाकर्ती

दोघांचे आभार. कळा वगैरे काही नाही, फक्त नगारा. उद्यापासून अर्धी वाटी चवळी, इसबगोल बंद. नवऱ्याला तुमचा प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवला, तो म्हणतो, "जेवू दे त्यांना, पण मीटिंगच्या वेळी नको." मग कडधान्य रात्रीच्या जेवणात घेतलं तर चालेल का? कोणी करून पाहिलंय?