जेम्स बर्नार्ड: ड्रॅक्युलाचा खरा आवाज की नुसता दणदणाट?

खर्जातला
परवा रात्री झोप येईना म्हणून १९६६चा 'ड्रॅक्युला: प्रिन्स ऑफ डार्कनेस' परत लावला. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी, लंडनच्या हॅमर कंपनीचा सिनेमा, ख्रिस्तोफर ली ड्रॅक्युला झालाय आणि अख्ख्या सिनेमात तो एक शब्द बोलत नाही. नुसता फिस्कारतो. आणि तरी तो पडद्यावर नसतानाही वाड्यात कुणीतरी आहे, आत्ता जिन्यावरून येईल, असं सारखं वाटत राहतं, ते कुणामुळे तर संगीतकार जेम्स बर्नार्डमुळे. आपल्यात किती जणांनी हे नाव ऐकलंय सांगा बरं. जॉन बॅरी म्हटलं की सगळे 'हो हो, बाँडवाला' म्हणतात, बर्नार्ड म्हटलं की 'कोण?'

या माणसाने १९५८च्या पहिल्या हॅमर ड्रॅक्युलासाठी काय केलं, तर नावालाच चाल लावली. ड्रॅ-क्यु-ला. तीन अक्षरं, तीन सूर, पहिला वर ठणकावून आणि मग धाडकन खाली. त्यात गंमत अशी की त्या सुराला चिकटून दुसरा सूर लावलाय, दोन्ही एकमेकांना घासतात, कानाला खुपतं. म्हणजे शब्द न उच्चारता वाद्यं त्याचं नाव घेतात. एकदा हे कळलं की मग सुटका नाही, मी दोन दिवस ऑफिसात तेच गुणगुणतोय.

माझं म्हणणं एवढंच की भयपटांचं संगीत म्हणून याला हसण्यावारी नेलं गेलं, आणि तो त्या काळच्या कुठल्याही मोठ्या नावाच्या तोडीचा आहे. बोला.

तिरशिंगराव
बोलतो. अंडररेटेड हा शब्द हल्ली कुणालाही लावतात राव. बर्नार्डला जेवढं मिळायला हवं होतं तेवढं मिळालंय, माझ्या मते चार आणे जास्तच.

मी त्याचे पाच-सहा सिनेमे पाहिलेत. सगळीकडे एकच रेसिपी, आधी खर्जात गुरगुर, मग व्हायोलिनं चढत चढत जाणार, मग टिंपनी म्हणजे मोठे नगारे, मग ब्रासवाल्यांनी फुप्फुसं फाटेस्तोवर फुंकायचं. दार उघडलं, धडाम. पडदा हलला, धडाम. शेजारच्या वरातीतला बँजो परवडला, तो निदान दहाला बंद होतो. आणि सिनेमाच्या नावाला चाल लावणं ही तुम्हाला आयडिया वाटते? ते बालगीत झालं. हिचकॉकच्या 'सायको'चं संगीत ऐका, नुसती तंतुवाद्यं घेऊन संगीतकार बर्नार्ड हर्मनने काय करून ठेवलंय. संयम त्याला म्हणतात.

पेटीवाली
तिरशिंगराव, 'सायको' काढलंतच तर एक सांगते. 'सायको' १९६०चा. बर्नार्डचा पहिला सिनेमा 'द क्वाटरमास एक्सपेरिमेंट' १९५५चा, आणि त्यात फक्त तंतुवाद्यं आणि तालवाद्यं आहेत, बाकी काही नाही. पाच वर्षं आधी! हर्मनने उचललं असं मी अजिबात म्हणत नाहीये, पण 'संयम' हा शब्द वापरायच्या आधी तो सिनेमा ऐका (हो, ऐकाच, बघायला तसा जुनाट वाटतो).

तो सिनेमा त्याच्याकडे आला तोही योगायोगाने. आधी ठरलेला संगीतकार आजारी पडला. हॅमरचा संगीत सांभाळणारा जॉन हॉलिंग्सवर्थ, त्याने बर्नार्डचं बीबीसी रेडिओवरच्या 'डचेस ऑफ माल्फी' नाटकाचं संगीत ऐकलं होतं, तेही तंतू आणि ताल एवढंच, ते त्याने निर्मात्याला ऐकवलं आणि काम झालं. आपल्याकडे नाही का, मुख्य तबलजी आला नाही म्हणून मागे बसलेल्या पोराला पुढे बोलावतात आणि पुढची वीस वर्षं तेच पोरगं वाजवतं, तसं.

तिरशिंगराव
आधी करणं वेगळं आणि चांगलं करणं वेगळं. वडापाव पहिल्यांदा कुणी विकला यावरून कुठला चांगला ते ठरत नाही.

लेस्टरकर
मस्त धागा. थोडी भर घालतो. बर्नार्डचा जन्म १९२५चा आणि तो जन्मला आपल्याच बाजूला, म्हणजे तेव्हाच्या ब्रिटिश हिंदुस्थानात, नथिया गलीला, आता ते पाकिस्तानात येतं. वडील लष्करात. पुढे इंग्लंडात शाळेत असताना बेंजामिन ब्रिटनशी ओळख झाली, ब्रिटन म्हणजे तिकडचा त्या काळातला सगळ्यात मोठा संगीतकार म्हटलं तरी चालेल, त्याच्याच सल्ल्यावरून हा रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकला गेला. नंतर ब्रिटनच्या 'बिली बड' ऑपेराच्या नोटेशनच्या प्रती काढायच्या कामाला होता. म्हणजे गुरूच्या घरी राहून तंबोरे जुळवण्यातला प्रकार. तेव्हा 'दणदणाट करणारा अडाणी' असं काही नाहीये ते.

आणि खरी गंमत, त्याला ऑस्कर मिळालंय! पण संगीतासाठी नाही. 'सेव्हन डेज टू नून' (१९५०) या सिनेमाच्या कथेसाठी, त्याचा जोडीदार पॉल डेन याच्याबरोबर. ज्या कामात आयुष्य घातलं त्याला काही नाही आणि भलत्याच कामाला बाहुली मिळाली.

अर्धवट_रसिक
अंडररेटेडच शोधताय तर संगीतकार ब्रायन ईझडेल घ्या ना. 'द रेड शूज' (१९४८), 'ब्लॅक नार्सिसस'. बर्नार्डला निदान भयपटवाले चाहते आहेत, ईझडेलला तेही नाहीत.

खर्जातला
@अर्धवट ईझडेलला 'रेड शूज'साठी संगीताचं ऑस्कर मिळालंय हो, तेही ब्रिटिश संगीतकारांत पहिलं. सोन्याची बाहुली घरात ठेवून उपेक्षित कसला. पण तुमचा मुद्दा समजला, स्वतंत्र धागा काढा, येतो.

@तिरशिंगराव, दर वेळी धडाम म्हणालात म्हणून एक प्रसंग सांगतो, त्याच १९६६च्या सिनेमातला. ड्रॅक्युला मेलेला आहे, राख उरलीय. नोकर क्लोव्ह एका पाहुण्याला भोसकतो, ओढत तळघरात आणतो, दगडी पेटीवर उलटा टांगतो. मग ती राख पेटीत नीट पसरतो, अगदी रांगोळी घातल्यासारखी. मग सुरी. रक्त राखेवर पडतं, धूर निघतो, आणि किती वेळाने पेटीच्या काठावर एक हात येतो. या सगळ्यात एक वाक्य नाही. क्लोव्हला कसली घाई नाही आणि बर्नार्डलाही नाही. संगीत त्याच्याबरोबर एकेक पायरी उतरतं, तुम्ही म्हणता तो दणका येतो पण तो सगळं जमून आल्यावर येतो. हाच प्रसंग आवाज बंद करून बघा, मी बघितला, एक म्हातारा नोकर साफसफाई करतोय असं दिसतं. शप्पथ.

विलंबितात समेची वाट बघायला लावतात ना, तसं आहे ते. सम जोरात पडली म्हणून गवयाला आरडाओरड्या म्हणाल का?

तिरशिंगराव
म्हणेन, जर त्याने दर मैफलीत तीच बंदिश त्याच तानेसकट गायली तर. :)

प्रसंग भारी आहे, नाकारत नाही, पण त्यातलं निम्मं श्रेय दिग्दर्शक टेरेन्स फिशरचं. आणि माझा मुख्य आक्षेप तसाच आहे. ड्रॅक्युलाचे तीन सूर १९५८ला आले, पुढच्या भागांत तेच, सत्तरीतही तेच. हात आखडता घेऊन दुसरं काहीतरी करायची संधी होती, घेतली नाही. चांगला संगीतकार तोच सूर वेगळ्या उजेडात दाखवतो, हा आवाज वाढवतो. आपल्याकडच्या रामसे बंधूंच्या सिनेमात दार करकरलं की जे वाजायचं त्याला आपण हसतो आणि इकडे साहेबाने केलं की कला?

पेटीवाली
साहेबबिहेब नको हो, माझ्या आजीसोबत मी रामसेंचे सिनेमे चादरीतून बघितलेत आणि त्या दाराच्या आवाजाला मी अजूनही हसत नाही.

पण 'दुसरं काही केलं नाही' हे साफ चूक. १९६३चा 'किस ऑफ द व्हॅम्पायर' बघा. त्यात व्हॅम्पायर घराण्यातला मुलगा पाहुण्यांसमोर पियानो वाजवायला बसतो, आणि पाहुणी बाई त्या वाजवण्याने हळूहळू भारल्यासारखी होत जाते. दात नाहीत, रक्त नाही, हल्ला पियानोच करतो. 'फ्रँकेन्स्टाइन क्रिएटेड वुमन' (१९६७) मधली नायिका ख्रिस्तीनाची धून ऐका, कसली उदास आणि साधी आहे. आणि १९७०चा 'टेस्ट द ब्लड ऑफ ड्रॅक्युला' आहे त्यात तर सरळसरळ प्रेमाची धून आहे, गोड म्हणावी इतकी, आणि ती ड्रॅक्युलाच्याच सिनेमात घुसवलीय. आधी ऐका मग बोला.

लेस्टरकर
+१. शिवाय वय झाल्यावर, १९९७ला, त्याने जर्मन दिग्दर्शक मुर्नाऊच्या 'नोस्फेराटू'ला संगीत दिलं, तो १९२२चा मूकपट. म्हणजे तिथे संवादांची, पावलांची, दारांची काही मदत नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं वाद्यांनी ओढायचं. इथे आमच्या एका छोट्या फिल्म क्लबात दाखवला होता, खुर्च्या प्लास्टिकच्या, हीटर बंद. मध्यंतरानंतर माझ्या शेजारच्या आजोबांनी हातातला बिस्किटाचा पुडा उघडायचं थांबवलं, कारण आवाज झाला असता. शेवटपर्यंत तो तसाच हातात.

अर्धवट_रसिक
मुद्दा असा की पैसे किती होते हेही बघा. हॅमरचे सिनेमे स्वस्तात आणि पटापट व्हायचे, तेच सेट पडदे बदलून दुसऱ्या सिनेमात यायचे. सेट परत वापरला तर कौतुक आणि संगीतकाराने सूर परत वापरले तर रेसिपी, हे कसं काय? (मी अजूनही ईझडेलच्या बाजूने आहे.)

तिरशिंगराव
बरं. काल रात्री 'टेस्ट द ब्लड'ची ती धून ऐकली, हेडफोन लावून, दोनदा. चांगली आहे. दुसऱ्यांदा ऐकली याचा अर्थ काढायचा तो काढा.

पण आता माझी तक्रार वाढली. हे येत होतं तर मग बाकी वेळ आमच्या कानावर हातोडे का मारले? ज्याला येतच नाही त्याला माफ करता येतं, ज्याला येतं आणि तरी जो सोपा रस्ता धरतो त्याला नाही. त्यामुळे तुमचा बर्नार्ड मला काल होता त्यापेक्षा मोठा वाटतोय आणि रागही जास्त येतोय.

खर्जातला
सोपा रस्ता नाही हो. ड्रॅक्युला बोलत नाही हे विसरताय. १९५८च्या सिनेमातही तो सुरुवातीला पाहुण्याशी चार सभ्य वाक्यं बोलतो आणि नंतर गप्पच होतो. मुक्या खलनायकाला तोंड द्यायचं काम संगीतकाराकडे आलं, मग दर भागात तोंड बदलून कसं चालेल? आपला शेजारी रोज वेगळ्या आवाजात बोलायला लागला तर ओळखाल का? मोठ्याने बोलतो हे मान्य, तो ड्रॅक्युला आहे, तलाठी नाही.

पुनरावृत्ती जास्त आहे हे मात्र मी मान्य करतो, सलग तीन सिनेमे बघू नका कुणी, मी ती चूक केलीय.

पेटीवाली
ते तीन सूर आज सकाळी पेटीवर काढून बघितले. नुसते वाजवले तर काहीच वाटत नाही, मग खर्जातल्याने वर लिहिलंय तसं शेजारचा सूर सोबत दाबला आणि भाता जोरात मारला. स्वयंपाकघरातून आई ओरडली, 'अगं पेटी बिघडलीय, वाजवू नकोस, आधी दुरुस्तीला दे.'

तिरशिंगराव
आईंना इथे सभासद करून घ्या. माझ्या बाजूला कुणीतरी पाहिजेच होतं.