पहिला क्रॉसबो घ्यायचाय – रिकर्व्ह की कंपाउंड, ऑनलाइन की दुकानातून? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मला क्रॉसबो घ्यायचाय, निव्वळ निशाणेबाजीसाठी, शिकार वगैरे अजिबात नाही. वाचून वाचून डोकं भणभणलंय म्हणून शेवटी इथे विचारतेय. आधी थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर उत्तरं भलतीकडेच जातील. मी बरीच वर्षं साधं रिकर्व्ह धनुष्य (टोकं पुढे वळलेलं, बिनपुलीचं) चालवलंय पण खांद्याचं दुखणं मागे लागलं आणि डॉक्टरांनी सांगितलं की दोरी ओढून तशीच धरून नेम घेणं आता बंद. एकदा ओढून सोडून देणं जमतं, धरून ठेवलं की रात्रभर ठणका. नेमबाजी सोडायची माझी तयारी नाही, आणि क्रॉसबोमध्ये दोरी एकदा लॅचमध्ये (खटक्यात) अडकली की ती धरून ठेवायचं काम यंत्र करतं, म्हणून हा मार्ग दिसला.

आता गोंधळ कुठे आहे ते सांगते. जिथे बघावं तिथे 175 पाउंड, 200 पाउंड (ड्रॉ वेट, म्हणजे दोरी ओढायला लागणारा जोर), 400 एफपीएस (वेग, फूट प्रति सेकंद) असलेच आकडे. मला मारायचंय 20 ते 30 मीटरवर, कागदाच्या टार्गेटवर. आंतरराष्ट्रीय क्रॉसबो नेमबाजी संघटना 1956 पासून आहे, त्यांचा मॅच प्रकार 10 आणि 30 मीटरवर होतो आणि फील्ड प्रकार 35, 50, 65 मीटरवर, आणि त्या फील्डवाल्यांना ड्रॉ वेटची मर्यादा 95 पाउंडांची आहे. ते लोक 95 पाउंडात 65 मीटरवर नेम धरतात तर मला 200 पाउंड कशाला हवेत? पण बाजारात मोठ्या मापाच्या क्रॉसबोत 95 पाउंडवाला सहज सापडतच नाही, एकदम खाली पिस्तुलासारखे छोटे क्रॉसबो नाहीतर वर हे शिकारीवाले, मधलं काही नाहीच का?

दुसरं, रिकर्व्ह घेऊ की कंपाउंड? कंपाउंड (टोकांना पुल्या असलेला) अंगाला आटोपशीर असतो, वेग जास्त, पण दोरी बदलायला बो प्रेस (भुजा दाबून धरणारं यंत्र) लागतो म्हणतात आणि तो माझ्याकडे नाही. रिकर्व्हची दोरी घरी बदलता येते हे मला पटतं कारण धनुष्याचं मी स्वतःच सगळं करायचे, दोरीला मेण लावण्यापासून.

तिसरं म्हणजे खरेदी. दुकानात दोन-तीनच मॉडेल असतात आणि दुकानदार त्यातलंच गळ्यात मारणार, ऑनलाइन वाट्टेल तेवढी निवड आहे पण हातात घेऊन बघता येत नाही. माझी उंची बेताची आहे, हात आखूड, त्यामुळे दस्ता लांब असेल तर गाल नीट टेकत नाही आणि स्कोपमध्ये काळी कड दिसत राहते. हे न बघता कसं कळणार?

आणि खरी धास्ती आहे ती दोरी चढवण्याची. खांदा एवढं सहन करेल का? ज्यांनी खांदा-पाठ सांभाळून क्रॉसबो वापरलाय त्यांनी कृपया सविस्तर लिहा. 'काहीही घे चालेल' असं उत्तर नको, प्लीज.

—

प्रतिसाद:

ताई, तुमचा पहिला प्रश्न एकदम बरोबर आहे आणि बहुतेक नवे लोक तो विचारतच नाहीत. पाउंडांचा आकडा एकटा काहीच सांगत नाही, त्याच्या जोडीला पॉवर स्ट्रोक बघायचा, म्हणजे दोरी लॅचपासून विसाव्याच्या जागेपर्यंत किती इंच धावते ते. रिकर्व्हचा ढोबळ हिशोब असा की पाउंड गुणिले इंच भागिले 24, म्हणजे साठलेली ऊर्जा फूट-पाउंडात येते. 175 पाउंड आणि 10 इंच स्ट्रोक असेल तर साधारण 73, आणि 150 पाउंड पण 14 इंच स्ट्रोक असेल तर 87. म्हणजे कमी पाउंडवाला जास्त जोर साठवतो आणि चढवायला हलका! कंपाउंडला कॅममुळे (टोकाच्या पुल्यांमुळे) हे गणित जसंच्या तसं लागू होत नाही, तिथे तेवढ्याच पाउंडात जास्त साठतं. तेव्हा तुम्ही लांब स्ट्रोकचा आणि त्यातल्या त्यात कमी पाउंडचा रिकर्व्ह शोधा, 30 मीटरवर कागद फाडायला तो उरून पुरतो.

ते पिस्तूल क्रॉसबो बाजूलाच ठेवा. 80 पाउंड छापलेलं असतं पण स्ट्रोक सहा-सात इंच, म्हणजे 20-23 फूट-पाउंड. दस्ता नसतो, गाल टेकायला जागा नसते आणि ज्याने धनुष्यावर चांगले गट पाडलेत त्याला त्यात समाधान मिळत नाही.

आता खांदा. हाताने दोरी चढवायचा विचारच करू नका. पाय रिकिबीत (पुढच्या कड्यात), दोन्ही हातांनी दोरी वर ओढायची, यात पाठ आणि खांदे दोन्ही लागतात, शिवाय हाताने ओढली की दोरी दर वेळी थोडी डावी-उजवीकडे बसते आणि बोल्ट (क्रॉसबोचा आखूड बाण) त्या बाजूला सरकतो, मग माणूस स्कोपचे स्क्रू पिळत बसतो. रोप कॉकर असतो, पुलीवाला दोर, त्याने जाणवणारं वजन निम्म्यावर येतं, म्हणजे 150 चं 75, तेही दोन हातांत वाटलेलं. शिवाय दोरी मधोमध बसते. तरीही तुमच्या बाबतीत मी क्रँक म्हणेन, हँडल फिरवून दोरी मागे आणायची, जोर अगदी थोडा लागतो. क्रँक घेताना एकच बघा, हँडल मधेच सोडलं तर ते जागच्या जागी थांबतं की उलटं गरगर फिरतं. ब्रेक नसलेल्या क्रँकचं हँडल सुटलं तर बोटं फोडतं आणि दोरी सपकन पुढे जाते. क्रँक तुम्ही घेणार त्या मॉडेलला बसतो का हे क्रॉसबो घेण्याआधी विचारा, सगळ्यांना बसत नाही. आणि एकदा फिजिओला विचारून घ्या, हालचाल प्रत्यक्ष करून दाखवा त्यांना.

एक गोष्ट धनुष्यातून येणाऱ्यांना सवयीची नसते म्हणून मुद्दाम लिहितो. पुढचा हात. धनुष्यात दोरी हातापासून लांब असते, इथे ती रेलवरून (ज्यावर बोल्ट बसतो ती पट्टी) तुमच्या अंगठ्याच्या अगदी जवळून जाते. अंगठा रेलच्या वर आला तर तो गेलाच म्हणून समजा, अक्षरशः. पुढची पकड खोलगट असलेला किंवा दोन्ही बाजूंना पंखासारखी कड असलेला दस्ताच घ्या, बोटं आपोआप खाली राहतात.

—

प्रतिसाद:

वरच्या दादांनी छान लिहिलंय, मी फक्त खरेदीवर बोलते.

पहिल्यांदा तुमच्याकडचा कायदा बघा. कुठे वयाची अट असते, कुठे परवाना, कुठे काही प्रकारांवर सरसकट बंदी. ऑनलाइन विकणारा 'घरपोच' म्हणतो म्हणून ते कायदेशीर होत नाही, बाहेरून मागवलेलं पार्सल कस्टममध्ये अडकलं तर तुमचे पैसेही अडकतात. दुकानदाराला हे विचारलं की तो किती नीट उत्तर देतो त्यावरूनच दुकान कळतं.

मी म्हणेन पहिला क्रॉसबो हातात घेऊन बघून घ्या, भले मग घ्याल कुठूनही. वजन तीन किलोच्या आसपास असतं आणि बराचसा भार पुढे, लिम्बकडे (वाकणाऱ्या भुजांकडे), त्यामुळे उभ्याने पाच मिनिटं धरून बघा, डोळे मिटून गाल टेकवा, उघडा, स्कोपचं वर्तुळ पूर्ण दिसतंय का? मान ताणावी लागली तर दस्ता तुमचा नाही. काहींचा दस्ता मागेपुढे होतो, तुमच्या आखूड हातांना तसाच लागेल. दुकानात दोरी चढवून बघू देतात का विचारा, पण चढवली तर बोल्ट लावून टार्गेटमध्ये सोडायची सोय हवी. चढलेली दोरी रिकामी सोडायची नाही म्हणजे नाही. ड्राय फायर झाला की सगळा जोर लिम्ब आणि दोरीतच परततो, लिम्ब तडकतात, दोरी तुटते. अँटी ड्राय फायर असलेलाच घ्या, म्हणजे बोल्ट नसेल तर चाप दाबला तरी दोरी सुटत नाही.

ऑनलाइन घ्यायचा झाला तर फोटो बघून भुलू नका, सुटे भाग मिळतात का ते बघा. जादा दोरी, लिम्ब, नॉक (बोल्टचं दोरीला टेकणारं मागचं टोक). ज्याची दोरी वेगळी मिळत नाही तो क्रॉसबो एका दोरीपुरताच. रिकर्व्हमध्ये एक्सकॅलिबर हे जुनं जाणतं नाव आहे, घ्यायचा नसला तरी त्यांची माहितीपत्रकं वाचा म्हणजे स्ट्रोक, बोल्टचं वजन हे आकडे कसे दिलेले असतात ते कळेल आणि जो विक्रेता हे आकडे देतच नाही त्याला वगळता येईल.

—

मूळ प्रश्नकर्ती:

दोघांचे खूप आभार, त्या 24 च्या भागाकाराने तर डोळेच उघडले, काल यादीतली अर्धी मॉडेलं त्यावरच बाद केली. फिजिओशी बोलले, त्या म्हणाल्या क्रँक चालेल, रोप कॉकर थोडे दिवस थांबून बघू. म्हणजे रिकर्व्ह, क्रँक बसणारा, दस्ता मागेपुढे होणारा, हे नक्की.

आता अडलंय बोल्टवर. एकाच लांबीचे बोल्ट वेगवेगळ्या नॉकचे दिसतात, सपाट, अर्धचंद्र, आणखी काय काय. कुठलेही चालतात का? आणि एक वापरलेला क्रॉसबो बऱ्या किमतीत मिळतोय, माणूस म्हणतो थोडाच वापरलाय, घ्यावा का? माझं जुनं फोमचं टार्गेट चालेल का तेही सांगा.

—

प्रतिसाद (पहिलाच):

कुठलेही चालत नाहीत ताई. क्रॉसबोच्या पुस्तिकेत जो नॉक लिहिलाय तोच, त्यात घासाघीस नको. चुकीचा नॉक असेल तर दोरी बोल्टच्या खालून किंवा वरून निसटू शकते आणि मग तो अर्धा-पूर्ण ड्राय फायरच. वजनाचंही तसंच, पुस्तिकेत किमान ग्रेन (बोल्टच्या वजनाचं एकक) दिलेले असतात, टोकासकट पूर्ण बोल्टचं वजन त्याच्या वर हवं. जास्त एफपीएस दिसावेत म्हणून हलका बोल्ट लावतात लोक, लिम्बची वाट लागते. थोडा जड बोल्ट उलट आवाज कमी करतो आणि क्रॉसबोला सोपा जातो. वेगळ्या रंगाचं पीस खाली, रेलच्या खाचेत.

कार्बनचा बोल्ट दर वेळी टार्गेटमधून काढला की हातात हलका वाकवून, थोडा पिळून कानाजवळ धरा. करकर आवाज आला, बोटाला कुस लागली की तो मोडून फेकून द्या, 'अजून एकदा' नाही. आणि नेम बसायला लागला की एकाच ठिपक्यावर मारत राहू नका, प्रत्येक बोल्टला वेगळा ठिपका द्या, नाहीतर एक बोल्ट दुसऱ्याला फोडतो.

जुनं फोम बहुतेक चालणार नाही, साध्या धनुष्याच्या टार्गेटमधून क्रॉसबोचा बोल्ट पिसांपर्यंत आत जातो किंवा आरपार. क्रॉसबोसाठी म्हणून लिहिलेलं टार्गेट घ्या. फोममध्ये घर्षणाच्या उष्णतेने बोल्ट चिकटून बसतो, पुढच्या भागाला कोरडा साबण चोळला तर बराच सहज निघतो, नाहीतर तो काढण्यातच खांदा दुखेल तुमचा. टार्गेटच्या मागे मातीचा उंच बांध हवाच, चुकलेला बोल्ट काही शे मीटर जाऊ शकतो.

वापरलेल्याचं सांगतो. लिम्बवरून कापसाचा बोळा सगळीकडून फिरवा, तंतू अडकले तर तिथे फायबर उसवतंय, उठून या. दोरीच्या मधल्या भागावरचं गुंडाळलेलं सर्व्हिंग सरकलेलं किंवा विरलेलं चालेल, कारण दोरी बदलता येते, पण रेलवर ओरखडे असतील तर नवी दोरीही खाईल. मालकाला सरळ विचारा की कधी रिकामा सुटलाय का, आणि गाडीत उन्हात ठेवायचा का. उन्हात तापलेल्या गाडीत लिम्ब आणि दोरी दोन्ही खराब होतात आणि वरून दिसत नाही. पुस्तिका नसेल तर त्याच मॉडेलची कंपनीकडून मिळते का बघा, न मिळाल्यास घेऊ नका, कारण नॉक आणि किमान वजन कळणारच नाही.

आणि हो, बरेचसे क्रॉसबो एकदा चढवले की हाताने उतरवता येत नाहीत, सराव संपला की त्यातून एक जुना जड बोल्ट टार्गेटमध्ये सोडूनच दोरी उतरवायची, तेव्हा तो एक बोल्ट पिशवीत वेगळा ठेवा. त्यालाही नॉक बरोबर आणि वजन किमानाच्या वरच हवं.

—

मूळ प्रश्नकर्ती:

वापरलेला बघायला शनिवारी जातेय, कापूस घेऊन. रेलचे ओरखडे नखाला लागतील इतपत असतात का, की डोळ्यांनीच दिसतात? आणि रेलला वंगण किती वेळाने लावता तुम्ही, दोरीचं मेण तिथे चालतं का?

—

प्रतिसाद:

नखाला लागतात, नख रेलवरून पुढून मागे आणि मागून पुढे दोन्हीकडून फिरवा. मेण दोरीच्या मोकळ्या भागाला, रेलला आणि सर्व्हिंगला रेलचं वेगळं वंगण, तेही दोन थेंब, बोटाने पसरून, जास्त झालं की धूळ धरतं. किती वेळाने ते पुस्तिकेत असतं, तेच पाळा. शनिवारी लिम्बचे जवळून फोटो काढून इथे टाका, बघून सांगतो.