मदत हवी आहे : एसीची जाळी उन्हात वाकली, नवा फिल्टर घरच्या घरी बसवता येईल का?

नमस्कार.

मी धरणगाव येथे राहतो. आमच्या घरी भिंतीवर बसवलेला दीड टनाचा स्प्लिट एसी असून तो घेऊन चार उन्हाळे झाले आहेत. त्यापूर्वी आमचे सगळे उन्हाळे कूलरवर गेले. दर वर्षी आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी कूलरचे गवत बदलायचे हा घरातला नेम असल्यामुळे एसीच्या आतला फिल्टरही तसाच दर हंगामाला बदलायचा असतो, अशी माझी समजूत होती. यूट्यूबवरील एका चित्रफितीत तर एक गृहस्थ पुठ्ठ्याच्या चौकटीचा जुना फिल्टर ओढून काढतात, कचऱ्यात टाकतात आणि नवा सरकवून मोकळे होतात. आमच्या एसीचे झाकण उघडले तेव्हा मात्र आत पुठ्ठा कुठेच दिसला नाही. प्लॅस्टिकच्या पातळ चौकटीत बसवलेल्या दोन काळ्या जाळ्या होत्या आणि उजव्या जाळीच्या मागे, एका लहान खाचेत, बोटभर रुंदीची करड्या रंगाची पट्टी होती.

आमच्या गल्लीपासून थोड्याच अंतरावर जिनिंग (कापसातून सरकी काढण्याची गिरणी) आहे. कापसाचा हंगाम दिवाळीपासून फाल्गुनापर्यंत चालतो आणि त्या दिवसांत खिडकीच्या जाळीला, तुळशीच्या पानांना, दोरीवरच्या कपड्यांना, सगळ्यांनाच रुईचे बारीक तंतू चिकटलेले असतात. एसीच्या जाळीवर ते तंतू धुळीसह असे बसले होते की, एका टोकाला नख लावून ओढताच नमद्याच्या तुकड्यासारखा अख्खा थर सोलून हातात आला. तो काढून जाळ्या नळाखाली धुतल्या, इथपर्यंत सारे ठीक होते. त्या दिवशी गच्चीवर खाटेवर ज्वारीचे बिबडे वाळत घातले होते. त्यांच्याच शेजारी, मे महिन्याच्या भर दुपारी, मी जाळ्या ठेवल्या. तासाभराने पाहतो तो बिबडे जेमतेम वाळले होते आणि डावी जाळी मात्र पापडासारखी वाकली होती.

आता ती जाळी खाचेत पूर्ण बसत नाही. वरच्या बाजूस साधारण करंगळीएवढी फट राहते. त्यातच गेल्या आठवड्यापासून हवा मंद येते, एसी सुरू केला की तो आपोआप २४ अंशांवर येतो, मी १८ वर नेऊन ठेवतो आणि तरीही खोली गार होत नाही. परवा पहाटे तर आतल्या भागातून भिंतीवर पाणी ओघळले. माझी आई ८१ वर्षांची आहे. ती अंथरुणावरून म्हणाली, "हाऊ डबा ते नुसता वारा देस." एका कारागिराने दूरध्वनीवरच "गॅस कमी झाला असेल, भरावा लागेल" असे सांगितले, ते मला पटलेले नाही.

माझी विचारणा अशी आहे. वाकलेली जाळी गरम पाण्यात घालून सरळ करता येते का, की नवीनच घ्यावी? नवीन घ्यायची झाल्यास माप कसे सांगावे? बाजारात मीटरवर मिळणारी मच्छरदाणीची जाळी कापून चौकटीत बसवली तर चालेल का? आणि ती करडी पट्टी नेमकी कशासाठी असते, तीही बदलावी लागते का? यंत्राच्या बाबतीत मी अगदीच नवखा आहे, त्यामुळे उत्तर सविस्तर दिल्यास उपकार होतील.

प्रतिसाद, जळगाव

काका, नमस्कार. मी एसी-फ्रीजच्या दुरुस्तीचेच काम करतो, म्हणून आधी गॅसबद्दल सांगतो. एसीतला गॅस हा गाडीतल्या पेट्रोलसारखा वापरून संपत नाही. तो बंद नळ्यांमध्ये फिरत राहतो. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती गळती न शोधता वरून गॅस भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. शिवाय आतला भाग न पाहता दूरध्वनीवर हे निदान करता येत नाही. कॉइलवर (आतल्या भागातील गार होणाऱ्या नळ्यांवर) बर्फ जमण्याचे कारण गॅस कमी असणे हेही असते, पण आपण जे वर्णन केले आहे त्यावरून आधी संशय हवेच्या वाटेवर घ्यावा.

जाळी तुंबली की कॉइलवरून जाणारी हवा कमी होते. कॉइलला खोलीतली उष्णता पुरेशी मिळत नाही, तिचे तापमान शून्याखाली जाते आणि हवेतील बाष्प पन्हळीत ठिबकण्याऐवजी कॉइलवरच गोठते. बर्फामुळे उरलीसुरली वाटही बंद होते. मग यंत्र बंद झाल्यावर तो बर्फ एकदम वितळतो आणि पन्हळीत न मावणारे पाणी भिंतीवर येते. आपण १८ अंश ठेवल्यामुळे कॉम्प्रेसर थांबतच नव्हता, त्यामुळे हे आणखी लवकर झाले असावे. एसी २४ वर सुरू होतो हा बिघाड नाही; १ जानेवारी २०२० पासून ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या नियमानुसार तारांकन असलेले खोलीचे एसी २४ अंशांवरच सुरू होतात.

आता करायचे काम. रिमोटने बंद करून भिंतीवरचा एमसीबीही (वीज तोडणारा खटका) खाली करा. पुढचे झाकण दोन्ही कडांना धरून वर उचला. ते एका ठिकाणी अडकून उभे राहते, त्यापलीकडे जोर लावू नका, कारण बिजागरीचे प्लॅस्टिक मोडले की वेगळीच खरेदी होते. जाळीच्या खालच्या बाजूला पकड असते, ती किंचित वर उचलून मग जाळी आपल्याकडे आणि खाली ओढा. आत ॲल्युमिनियमच्या पातळ पात्यांची कॉइल दिसेल. तिला बोट लावू नका, पाती ब्लेडसारखी कापतात आणि जराशा दाबाने दुमडतात. फटीतून गेलेली रुई त्यावर बसलेली असणार. ती मऊ ब्रशने, पात्यांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली झाडावी, आडवा ब्रश कधीही फिरवू नये. त्याच्याही मागे असलेल्या ब्लोअरवर धूळ साचली असेल तर ते घरी करायचे काम नव्हे, त्यासाठी जेट पंपाने सर्व्हिसिंग करून घ्यावे.

वाकलेली चौकट गरम पाण्याने सरळ करण्याच्या भानगडीत पडू नका. ४० अंशांहून गरम पाणी या जाळ्यांना लावू नये, असे बहुतेक माहितीपुस्तिकांत छापलेले असते.

प्रतिसाद, धुळे

मच्छरदाणीच्या जाळीचा प्रयोग आम्ही करून चुकलो आहोत, म्हणून लिहिते. आमच्याकडे खिडकीचा एसी आहे, त्याचा फिल्टर पुढच्या जाळीदार झाकणामागून सरकतो. तो फाटल्यावर यजमानांनी मच्छरदाणी कापून बसवली. तिची भोके इतकी मोठी की महामार्गावरची सगळी धूळ सरळ आत जात होती. ते लक्षात आल्यावर त्यांनी दुहेरी पदर घातला, तर हवाच येईना. शेवटी जेवढे वाचवले त्याच्या चौपट सर्व्हिसिंगला गेले. दादा, आपण त्या वाटेला जाऊ नका. आणि जाळ्या सावलीत, पंख्याखाली वाळवा. आपल्याकडच्या उन्हात स्टीलचे पातेलेसुद्धा हाताने उचलवत नाही, तिथे त्या कोवळ्या प्लॅस्टिकची काय कथा.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. एमसीबी पाडून, टॉर्च घेऊन पाहिले. कॉइलच्या वरच्या डाव्या भागात, म्हणजे बरोबर जिथे फट राहत होती तिथे, पांढरट थर बसला आहे आणि उजवीकडची पाती स्वच्छ आहेत. ब्रशने झाडल्यावर मूठभर रुई निघाली. नवीन जाळीसाठी विचारले असता एका दुकानदाराने "दीड टनाची सगळ्यांना एकच येते" असे सांगितले. हे खरे मानावे का?

प्रतिसाद, जळगाव

अजिबात नाही. टन हे यंत्राच्या गारव्याच्या क्षमतेचे माप आहे. एक टन म्हणजे तासाला १२,००० बीटीयू (उष्णतेचे एकक), सुमारे साडेतीन किलोवॉट. त्याचा जाळीच्या लांबी-रुंदीशी संबंध नाही, एकाच कंपनीच्या दोन दीड टनी मॉडेलांच्या जाळ्याही वेगळ्या असू शकतात. आतल्या भागाच्या बाजूला किंवा तळाशी एक चिकटपट्टी असते, त्यावरचा पूर्ण मॉडेल क्रमांक, शेवटच्या अक्षरांसह, उतरवून घ्या किंवा त्याचा फोटो काढा. बाहेरच्या कॉम्प्रेसरवरचा क्रमांक वेगळा असतो, तो देऊ नका. दुकानात जाताना न वाकलेली उजवी जाळी सोबत न्या, पण डावी आणि उजवी सारख्या असतीलच असे नाही. काही यंत्रांत त्या एकमेकींच्या आरशातल्या प्रतिमेसारख्या असतात. पकडीची जागा आणि चौकटीची जाडी जुळते का, हे हातात धरून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

प्रतिसाद, मूळ अमळनेरचा, सध्या पुण्यात

आपण पाहिलेली चित्रफीत बहुधा अमेरिकेतली असावी. तिकडे बहुतेक घरांत एकाच यंत्राची हवा डक्टमधून, म्हणजे हवेच्या बंद नळ्यांतून, सगळ्या खोल्यांत जाते आणि त्या वाटेवर पुठ्ठ्याच्या चौकटीचा, घडीच्या कागदासारखा फिल्टर बसवतात. तो धुता येत नाही, म्हणून ठरावीक काळाने टाकून देतात. त्यावर हवेची दिशा दाखवणारा बाण असतो आणि गाळण्याची क्षमता 'मर्व्ह' नावाच्या अंकाने सांगतात. तिथल्या ऊर्जा विभागाच्या म्हणण्यानुसार तुंबलेला फिल्टर बदलल्यास एसीचा वीजवापर ५ ते १५ टक्क्यांनी कमी होऊ शकतो. आपल्याकडच्या भिंतीवरील एसीची नायलॉनची जाळी मात्र धुऊन पुन्हा पुन्हा वापरण्यासाठीच असते. ती फाटली, वाकली किंवा पिचली तरच बदलायची. पुस्तिकेत सहसा दोन आठवड्यांनी धुण्यास सांगतात. आपल्या गल्लीत जिनिंगच्या दिवसांत आठवड्याने धुणे बरे, आणि धुताना पाणी मागच्या बाजूने सोडावे, म्हणजे कचरा ज्या बाजूने आला त्याच बाजूने बाहेर पडतो. पुढून पाण्याचा झोत मारला तर तंतू भोकांत अधिकच रुततात.

करडी पट्टी हा बारीक कणांचा किंवा वासाचा जादा फिल्टर आहे. त्यातील काही प्रकार धुता येतात. काही, विशेषतः विद्युतभारावर धूळ धरणारे, पाणी लागले की निकामी होतात. कोळशाचा असेल तर तोही धुवू नये. आपल्या पुस्तिकेत काय लिहिले आहे तेवढेच प्रमाण माना. ती पट्टी जुनी आणि तुंबलेली असेल तर काढून टाकून एसी चालवला तरी यंत्राला अपाय होत नाही, उलट हवा थोडी मोकळी होते. मुख्य जाळीशिवाय मात्र एक दिवसही चालवू नये.

धागाकर्ता

उशिरा लिहितो आहे, क्षमस्व. मॉडेल क्रमांक दाखवून जळगावहून दोन्ही जाळ्या मागवल्या; ६५० रुपये पडले आणि पाच दिवस लागले. तोपर्यंत एसी बंद ठेवून जुना कूलर पुन्हा बाहेर काढला. बसवताना पहिल्यांदा डावी जाळी उजव्या खाचेत घालत होतो आणि चौकट बसत नाही म्हणून दुकानदाराला मनातल्या मनात बोल लावत होतो. नातवाने पकडीजवळ कोरलेले अक्षर दाखवले तेव्हा उलगडा झाला. वरची कड आधी खाचेत सरकवून मग खालची बाजू दाबल्यावर टक्क असा आवाज आला. फट राहिलेली नाही, कागदाची घडी घालून तपासले.

करड्या पट्टीबद्दल पुस्तिकेत 'धुवू नये' असे आहे. ती इतकी काळवंडली होती की मी ती काढून ठेवली असून सध्या तिच्याशिवायच चालवतो. एसी २५ वर ठेवून पंखा हळू लावतो. खोलीतून आत जाणारी हवा आणि बाहेर पडणारी हवा यांच्यात थर्मामीटरने ११ अंशांचा फरक दिसला. जळगावच्या दादांना खाजगीत विचारले असता ८ ते १२ अंशांचा फरक ठीक मानतात, असे कळले, त्यामुळे गॅस भरण्याचा विषय मी बंद केला. भिंतीवर पाणी आलेले नाही.

एक शंका मात्र उरली आहे. रात्री यंत्र थांबले की आतून बारीक तडतड ऐकू येते. जाळी नवी असल्यामुळे असे होते का?

प्रतिसाद, जळगाव

जाळीचा संबंध नाही, काका. गार झालेले प्लॅस्टिक खोलीच्या तापमानाला येताना प्रसरण पावते, त्याचा तो आवाज. यंत्र सुरू असताना खडखड किंवा घासल्यासारखा आवाज आला, तरच कळवा.